झुकवलेल्या निशाणाची खरी हकीकत

अर्नाळ्याच्या मच्छिमारांच्या संस्थेनं मागच्या वर्षी एक स्मरणिका काढली. तिच्यात जुन्या सव्वीस जानेवारींच्या आठवणींचं एक पान आहे. त्या पानावर असं वाक्य आहे : ‘एका वर्षी सर्वांत पुढच्या होडीच्या नाखव्याने सवयीने तिरंगा पाहुण्यांसमोर खाली झुकवला व गावाची फजिती झाली, त्यानंतर निशाणाचे नियम लिहून संस्थेच्या भिंतीवर लावण्यात आले.’

लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. गावात जे सांगितलं जातं तेच त्यानं लिहिलं. पण भिंतीवरचे ते नियम मी लिहिलेले आहेत आणि निशाण झुकवायला त्या नाखव्यांना मीच शिकवलं होतं. नुसतं एवढंच असतं तर तरुणपणातली चूक म्हणून मी गप्प बसलो असतो. तसं करायचं नसतं हे मला आदल्या दिवशी कळलं होतं आणि तरी मी ते त्यांना सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. डोळे अजून चालतात, हातही फारसा कापत नाही. आता उशीर करायला सबब उरलेली नाही.

सत्तरच्या दशकात मी मुंबईच्या गोदीजवळ जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका पेढीत कामाला होतो. दोर, रंग, कंदील, साखळ्या असं सगळं तिथं मिळे. माझ्याकडे निशाणांचा विभाग होता. कुठल्या जहाजाला कुठल्या देशाचं निशाण, किती लांबीरुंदीचं हवं ते टिपून घ्यायचं, शिवून आलं की फूटपट्टी लावून तपासायचं आणि घडी घालून गोदीत पाठवायचं. आमच्याकडे शिवणारे एक वयस्कर चाचा होते. जहाजांवरचे रीतिरिवाज मला त्यांनीच शिकवले. आपल्या देशाचं निशाण जहाजाच्या मागच्या टोकाला लावायचं, कारण तीच मानाची जागा. दुसऱ्याच्या बंदरात शिरलं की त्या देशाचं निशाण डोलकाठीवर उजव्या हाताला चढवायचं. कुणाच्या घरी गेल्यावर आधी घरच्या माणसाला नमस्कार करतो तसं. सूर्य उगवला की वर, मावळला की खाली. फाटकं निशाण लावण्यापेक्षा न लावलेलं बरं. आणि व्यापारी जहाजाला नौदलाचं जहाज भेटलं की व्यापारी जहाजानं आपलं निशाण हळूच अर्ध्यावर उतरवायचं आणि समोरून उत्तर आलं की पुन्हा वर न्यायचं. हे शेवटचं मी एकदा धक्क्यावर उभा राहून प्रत्यक्ष पाहिलं होतं. एवढं मोठं लोखंडी जहाज, आणि मागच्या बाजूला एक खलाशी दोन हातांनी दोरी धरून निशाण अगदी अदबीनं खाली आणतोय. ते मला इतकं आवडलं होतं की घरी आल्यावर आईला उशीच्या अभ्र्यावर करून दाखवलं होतं.

आमचं घर बोळिंजच्या बाजूला, केळीच्या बागांत. वडील बागायतदार. आम्ही ख्रिस्ती, रविवारी सकाळी मिस्सा, मग दुपारपर्यंत बागेतलं पाणी बघायचं. आठवड्यातून दोनदा दारावर अर्नाळ्याची एक कोळीण मासळी घेऊन येई. आई आणि तिचं घासाघिशीवरून दर वेळी भांडण होई आणि दर वेळी ती आमच्याकडे चहा पिऊन जाई. एकदा तिनं आईला विचारलं, “तुमचा पोरगा बावटे शिवतो ना म्हनं मुंबयला?”

“शिवत नाही गं, मोजतो,” आई म्हणाली.

“मोजतो तर मोजतो. आमच्या होडीचा बावटा फाटलाय. चांगलं कापड देईल का विचार.”

बोटीवरच्या निशाणाचं कापड वेगळं असतं, लोकरी आणि विरळ विणीचं. ओलं झालं तरी वाऱ्यावर लगेच सुकतं. पेढीत कापताना उरलेले तुकडे नेण्याची आम्हांला मुभा होती. लाल कापडाचा एक चांगला लांब तुकडा घेऊन मी पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर एसटीनं अर्नाळ्याला गेलो. नाखव्यांची आणि माझी ओळख अशी झाली. ते त्या कोळिणीचे यजमान. पन्नाशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे, हसले की डोळे पार मिटणारे. गावातल्या बहुतेक होड्यांना तोपर्यंत यंत्रं बसली होती. नाखव्यांची होडी मात्र अजून शिडावर चालायची. “इंजिनाच्या आवाजात मला विचार करता येत नाय,” असं ते म्हणत. त्यावर त्यांची बायको म्हणे, “कसला विचार करता ते एकदा कलू द्या आमाला.”

ते कापड त्यांना देवीच्या निशाणासाठी हवं होतं. समोर बेटावर किल्ला, किल्ल्यात देवी. प्रत्येक होडीच्या डोलकाठीच्या शेंड्याला तिचं लाल निशाण असे. होडी किल्ल्यासमोरून जाताना शीड हातभर खाली घेऊन पुन्हा वर चढवत. तो देवीला नमस्कार. त्या दिवशी मी किनाऱ्यावर फिरलो. बोंबील वाळवायच्या रिकाम्या बांबूंच्या रांगांमधून चालत एकेक होडी बघितली आणि माझ्या मोजायच्या नोकरीतल्या डोळ्यांना धक्केच बसले. नुकताच पंधरा ऑगस्ट होऊन गेला होता. एका होडीवर तिरंगा उलटा, हिरवा वर. दुसरीवर देवीच्या निशाणाखाली त्याच दोरीला बांधलेला. एकीवर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, शालीसारखा पांघरलेला. आणि एकीवर पावसानं भिजून विटलेला, अजून तसाच.

मी नाखव्यांना म्हटलं, “हे सगळं चुकीचं आहे.”

“कोन म्हनतं?”

“नियम आहेत.”

“मग निशान पुढं लावलं तर काय, मासा पलून जातो?”

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसलो, पण मग जाळ्यांच्या ढिगावर बसून मी त्यांना समजावून सांगितलं. जहाजाची मागची बाजू मानाची का, तर पूर्वी जहाजाचा मुख्य माणूस तिथं उभा राही, सुकाणूही तिथंच. नाखव्यांना ते पटकन पटलं, कारण सुकाणू धरून तेही मागेच बसत. पण एका गोष्टीवर ते अडले.

“देवीचं वर शेंड्याला. तिरंगा माझ्या डोक्यामागं, खाली. सरकार रागावनार नाय?”

“एका दोरीवर एकाखाली एक लावला तर तो खालचा. स्वतंत्र काठीवर, मानाच्या जागी लावला तर खालचा नाही.”

त्यांनी वर शेंड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजे घरात आजी माडीवर झोपते, तरी पाटावर पहिला जावई बसतो, तसं.”

याहून चांगला खुलासा मला त्यानंतरही कधी सुचला नाही. पेढीत चाचांना सांगितला तेव्हा ते शिवणयंत्र थांबवून हसले.

पुढची दोन वर्षं मी बहुतेक रविवारी अर्नाळ्याला जात असे. आज मागं वळून बघताना वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुखाची वर्षं. मी नाखव्यांच्या होडीवर बसून किल्ल्याच्या बाजूला फिरून येई. मला उलट्या होत, ते हसत. त्यांच्या घरी दुपारी जेवण असे. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. नाताळला आईनं पाठवलेला केक त्यांची बायको शेजारपाजारी वाटे आणि प्रत्येक घरी सांगे की यात अंडं आहे, उपवास असेल त्यांनी खाऊ नये. मी नाखव्यांच्या होडीसाठी एक पितळी कप्पी आणि सागवानी काठी आणली. सुकाणूच्या मागं ती काठी बसवली. तिरंगा दोरीवरून वर-खाली होऊ लागला. गावात मला ‘बावटेवाला’ म्हणू लागले. ते मला फार आवडे. खरं सांगायचं तर नियम सांगताना ऐकणाऱ्यांचे चेहरे बघायला मला आवडायचं. पेढीत मी सगळ्यांत खालचा. इथं नाखव्यांच्या वयाची माणसं मला विचारत, “बावटेवाले, हे बरोबर हाय का?”

मग संस्थेनं ठरवलं की येत्या सव्वीस जानेवारीला शिडाच्या होड्यांची निशाण-फेरी काढायची. ज्यांच्याकडे इंजिनं आहेत त्यांनीही ती बंद ठेवून शीड चढवायचं. किनाऱ्यावर मांडव, तिथं पाहुणे म्हणून सैन्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी. होड्या एकामागून एक त्यांच्यासमोरून जाणार. सर्वांत पुढची होडी कुणाची यावर संस्थेत दोन बैठका झाल्या. पुढच्या होडीला फार मान. शेवटी, जो अजून खरोखर शिडावर धंदा करतो त्याचीच पुढं असू दे, असं ठरलं. नाखव्यांना निरोप आला तेव्हा मी तिथंच होतो. आत जाऊन त्यांनी हात-पाय धुतले आणि नवा सदरा घालून पुन्हा बाहेर येऊन बसले. बायको म्हणाली, “आज नाय हो, अजून महिना हाय.”

“असू दे,” ते म्हणाले.

त्या महिन्यात मी त्यांना सलामी शिकवली. गोदीत पाहिलं होतं तसंच. पाहुण्यांच्या समोर आलात की दोरी सोडायची, निशाण हळूहळू अर्ध्यावर, तीन श्वास थांबायचं, मग वर. नाखव्यांना काही अवघड गेलं नाही. देवीसमोर शीड झुकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सुकाणू मुलाकडे देऊन ते स्वतः निशाणाजवळ उभे राहणार होते. चार रविवार आम्ही त्याचा सराव केला. किनाऱ्यावर पाहुण्याच्या जागी मी उभा राहायचो. एकदा त्यांच्या बायकोनं मासळीची टोपली डोक्यावर घेऊन माझ्या शेजारी उभं राहून सलामी घेतली आणि म्हणाली, “मला आवडलं. रोज करा.”

पंचवीस जानेवारीला दुपारी पेढीत फारसं काम नव्हतं. सरकारी कचेऱ्यांची तिरंग्याची मागणी पुरी करून झाली होती. टेबलाच्या खणात राष्ट्रध्वजाच्या नियमांची एक पातळ पुस्तिका होती. ती मी मोजमापापुरती चाळत असे. त्या दिवशी सहज पुढची पानं वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हा ध्वज कुठल्याही व्यक्तीला किंवा वस्तूला सलामी देण्यासाठी झुकवायचा नाही.

मी चाचांकडे गेलो. म्हटलं, “मग ते जहाजावर झुकवतात ते?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तू तिथं काय पाहिलंस? लाल होतं ना? लाल कापड, कोपऱ्यात तिरंगा. ते व्यापारी जहाजांचं निशाण. ते झुकतं. नुसता तिरंगा नाही झुकत. इतकी वर्षं दोन्ही मोजतोस, फरक नाही कळला?”

माझ्या हातातून दोन्ही निशाणं शेकडो वेळा गेली होती. फरक मला कळत होता. त्या फरकाचा अर्थ कळला नव्हता.

संध्याकाळी विरारला उतरलो तेव्हा अर्नाळ्याची एसटी समोर उभी होती. नाखव्यांना एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं : ‘उद्या झुकवू नका, तसंच वर राहू द्या.’ पण गावात उद्याच्या सलामीची चर्चा झालेली होती. संस्थेच्या अध्यक्षांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की ही समुद्रावरची खरी रीत आहे. आता जाऊन ‘मी चुकलो’ म्हणायचं, तेही सगळे जमलेले असताना. एसटी सुटली. मी बघत होतो. मग मी घरी गेलो. आईनं त्या दिवशी केळफुलाची भाजी केली होती आणि मी पोटभर जेवलो. हे मुद्दाम लिहितो. मनाला लागून जेवण गेलं नाही, असं काही झालं नाही. मी स्वतःला सांगत होतो, कुणाला एवढं कळतंय.

सकाळी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भरती आली होती. होड्या कमरेएवढ्या पाण्यात तयार होत्या. हवा थंड, ऊन कोवळं. नाखव्यांचा पांढरा सदरा लांबून दिसत होता. मला बघून ते होडीवरून ओरडले, “बावटेवाले! बरोबर हाय ना सगलं?”

तेवढं पाणी मी चालत पार करू शकलो असतो. फार तर पँट भिजली असती. मी हात वर केला आणि हलवला. सगळं बरोबर आहे, असा.

फेरी सुरू झाली. खरंच फार सुंदर दिसत होतं. पुढे नाखव्यांची होडी, मागे बाकीच्या, सगळ्यांची शिडं भरलेली. डोलकाठ्यांवर देवीची लाल निशाणं आणि प्रत्येकीच्या मागच्या टोकाला सुलटा, स्वच्छ तिरंगा. एकही चुकीचा नव्हता. पाहुणे मांडवात ताठ उभे राहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावून सलामी दिली. नाखवे त्यांच्यासमोर आले. त्यांनी दोरी सोडली. तिरंगा हळूहळू, अगदी अदबीनं, अर्ध्यावर आला.

पाहुण्यांनी हात खाली घेतला.

मागच्या होड्यांनी काही झुकवलं नाही, कारण त्यांच्या काठ्यांना कप्पी नव्हती. फेरी संपल्यावर पाहुण्यांनी अध्यक्षांना विचारलं, पुढच्या होडीवर कोण होतं. नाखव्यांना बोलावलं. ते गुडघ्यापर्यंत भिजलेले, हसत आले. त्यांना वाटलं होतं शाबासकी मिळणार.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” पाहुण्यांनी विचारलं. आवाज चढवलेला नव्हता.

मी दहा पावलांवर उभा होतो. नाखव्यांनी पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काहीतरी चुकलंय हे त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही.

“कोनी नाय साहेब,” ते म्हणाले. “सवय हाय. किल्ल्यासमोर देवीला झुकवतो, हात तसाच गेला.”

“देवीला झुकवत जा. पण हा झेंडा कुणापुढे झुकत नाही. माझ्यापुढे तर नाहीच नाही.”

“चुकलो साहेब.”

पाहुणे त्यांच्या खांद्याला हात लावून पुढे गेले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांच्या भाषणात याचा उल्लेखही आला नाही. पण गावाला तेवढं पुरलं. “चाळीस वर्षं देवीला वाकून वाकून कंबर सरळच होईना!” कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “यांना बायको समोर दिसली असेल, म्हनून झुकवलं.” लोक हसले. नाखवेही हसले.

दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. म्हटलं, “नाखवा, ते माझ्यामुळं झालं. मला नियम नीट माहीत नव्हता.”

“जेव आधी,” ते म्हणाले. “तू काय मुद्दाम केलंस? तुझं नाव सांगितलं असतं तर उद्यापासून तुझं कोन ऐकलं असतं? माझं काय, मी मासे मारतो.”

मी ‘नीट माहीत नव्हता’ म्हणालो होतो. ते खोटं होतं आणि त्या खोट्यावर त्यांनी मला माफ केलं होतं. मी भाकरी मोडली आणि जेवलो.

पुढच्या वर्षी सर्वांत पुढची होडी दुसऱ्या कुणाची तरी होती. नाखव्यांना मागून दुसरी जागा मिळाली. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. ‘म्हातारा विसरभोळा झालाय’ एवढंच बोललं गेलं. ते म्हातारे नव्हते आणि विसरभोळे तर मुळीच नव्हते. ते फेरीला गेले, सदरा तोच घातला होता. त्याच सुमारास संस्थेनं मला नियम लिहून द्यायला सांगितलं. मोठ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात मी ते लिहिले. केशरी वर. मागच्या टोकाला, स्वतंत्र काठीवर. सूर्योदय ते सूर्यास्त. फाटका नको, त्यावर अक्षरं नकोत, पांघरूण म्हणून वापर नको. आणि शेवटी, कुणालाही सलामी म्हणून झुकवू नये. पुठ्ठा भिंतीवर लागला तेव्हा लोक शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणत, “हा नाखव्यांचा नियम.” मी तिथं उभा असे.

ऐंशीच्या दशकात त्यांनी अखेर इंजिन बसवलं, मुलाच्या हट्टापायी. शीड मात्र ठेवलं होतं. एका रविवारी वारा चांगला होता म्हणून आम्ही दोघंच शिडावर किल्ल्याच्या बाजूला गेलो. माझं तोवर लग्न झालं होतं, मूल झालं होतं. उलट्या थांबल्या होत्या. देवीसमोर त्यांनी शीड खाली घेतलं, वर केलं. तेव्हा मी त्यांना सांगितलं. मला आदल्या दिवशी दुपारी कळलं होतं. एसटी समोर उभी होती. आणि सकाळी हात वर केला तेव्हाही मला ठाऊक होतं.

त्यांनी सुकाणू थोडं फिरवलं.

“मग हात कशाला वर केलास?”

“लाज वाटली.”

“कोनाची?”

“लोकांची.”

“माझी नाय वाटली?”

मी शिडाची दोरी आवळायला घेतली. त्यांनी होडी किनाऱ्याला लावली. होडी वर ओढून झाल्यावर म्हणाले, “मला सांगितलंस, बरं केलंस. आता तिथं सांग.” आणि संस्थेच्या कौलारू इमारतीकडे हात केला. “मी मेल्यावर माझ्या पोराला कोनी म्हनायला नको, तुझ्या बापानं गावाचं नाक कापलं. मला पुढची जागा नको आता. पन ते माझ्या नावावरनं काढ.”

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

दोन महिने मी गेलो नाही. मग एका सकाळी त्यांची बायको दारावर टोपली उतरवून आईला म्हणाली, “पोराला सांग, देवीचं निशान फाटलंय. कापड घेऊन ये म्हनलंय.” मी गेलो. ते पूर्वीसारखेच वागले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि मी ‘पुढच्या बैठकीत’ म्हणत राहिलो. बैठका दर महिन्याला होत. दोन वर्षांनी, मे महिन्यात, होडी किनाऱ्यावर ओढून तिला तेल लावण्याच्या दिवसांत ते दुपारी झोपले ते उठले नाहीत. त्यांच्या अंत्ययात्रेत लोक चांगलंच बोलत होते. कुणीतरी त्या सलामीची गोष्टही सांगितली, प्रेमानं, हसत. तेव्हाही मी तिथं होतो.

स्मरणिकेतलं ते वाक्य वाचल्यावर आठ दिवसांनी मी अर्नाळ्याला गेलो. नाखव्यांचा मुलगा आता सत्तरीचा. त्याच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. एसटी, हात, होडीवर त्याच्या बापाला दिलेला शब्द. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बावटेवाले, सुकानू मी धरलं होतं त्या दिवशी. तुमचा हात मीपन बघितला. बाबा म्हनाले, बघ, बरोबर हाय म्हनतो.”

मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही माझ्याकडं रडायला आलाय का कायतरी करायला?”

“करायला.”

“मग चला.”

तो मला हाताला धरून संस्थेत घेऊन गेला. महिन्याची बैठक चालू होती, पंचवीसतीस माणसं, बरीचशी तरुण. मी उभा राहिलो आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. एक तरुण सभासद फक्त म्हणाला, “काका, एवढी वर्षं?” मी म्हटलं, हो. मग अध्यक्षांनी विचारलं की आता करायचं काय, स्मरणिका तर छापून झाल्या. नाखव्यांच्या मुलानं सांगितलं, “उरलेल्या प्रतींत चिठ्ठी चिकटवा. वाटलेल्या आहेत त्यांच्या घरी चिठ्ठी पोचवा. हे लिहितील, मी वाचीन.”

मी घरी लिहून नेली : ‘या पानावरील हकीकत अपुरी आहे. नाखव्यांना ती सलामी मी शिकवली होती. चुकीच्या सल्ल्याबद्दल मी दिलगीर आहे.’

मुलानं वाचली आणि परत दिली. “सल्ला चुकीचा होता ते ठीक हाय. चूक कोनाचीबी होते. तुम्हाला ठाऊक होतं ते कुठं हाय?”

मी पुन्हा लिहिली. ती आता अशी आहे : ‘नाखव्यांनी सवयीने निशाण झुकवले नाही. मी शिकवले म्हणून झुकवले. ते चूक आहे हे मला आदल्या दिवशी कळले होते. त्यांनी सकाळी विचारले तेव्हा मी बरोबर आहे असे खुणेने सांगितले. पाहुण्यांसमोर त्यांनी माझे नाव घेतले नाही.’ खाली माझी सही.

गेल्या मंगळवारी त्याच्या ओटीवर आम्ही दोघं चिठ्ठ्या चिकटवायला बसलो. मी चिठ्ठी नेमकी त्या जुन्या वाक्यावर ठेवत होतो. तो म्हणाला, “झाकू नका. बाजूला लावा. दोन्ही वाचू देत.” म्हणून आम्ही समासात लावल्या. काही तिरक्या लागल्या. त्याची सून चहा ठेवून गेली, त्याची बायको आत मासळी साफ करत होती. अर्धा गठ्ठा झाल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “एकदा वाचून दाखवा. तुमच्या तोंडून.”

मी वाचली.

“मोठ्यानं वाचा हो,” आतून त्याची बायको ओरडली. “पानी वाहतंय, काय ऐकू आलं नाय.”

तिनं नळ बंद केला. शेजारची बाई वलणीवरचे कपडे काढता काढता थांबली होती. मी उभा राहिलो आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागलो, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.